पडणे : दोन रूपं

टेपरेकॉर्डर माझ्या मांडीवर. बॅटऱ्या संपत आलेल्या.
अल्वानीची म्हातारी बाबाले
चीजचा तुकडा मोडत म्हणाली, "मी पडले."
मग हसली, आणि पुन्हा म्हणाली, "मी पडले."
मला दोन्ही जवळपास सारखंच ऐकू आलं.
लमझिरा बाईंची पेन्सिल मात्र थांबली.

दुसऱ्या खेपेला तो 'मी' वेगळा होता.
त्सोवा-तुश भाषेत पडण्याचे दोन प्रकार :
बर्फ होता, पाय घसरला, माझा काय दोष, हा एक.
माझ्याच वेंधळेपणानं, पुढे न बघता, हा दुसरा.
धातू तोच.
कर्त्यानं अंगावर घ्यायचं की नाही, एवढंच.

त्या रात्री बाईंनी कार्ड लिहिलं,
बोर्जोमी पाण्याच्या खोक्यात उभं ठेवलं.
अशी अकरा हजार कार्डं, सोळा खोकी,
आणि त्यांच्यामधून पलंगापर्यंत जायची एक वाट.

मग तो खटला.
त्बिलिसीचं कोर्ट, पिंजऱ्यात गेदेवान,
वीस वर्षांचा, नाकावर अजून पट्टी.
पोलिसांकडे नऊ सेकंदांचा आवाज :
म्हणे मोर्चात तो ओरडला, "पेटवा!"
बाईंना तज्ज्ञ म्हणून बोलावलं.
नऊ सेकंद त्यांनी चाळीस वेळा ऐकले,
स्वराचा आलेख काढला, भिंतीला धरून दाखवला :
"'पेटवा' नाही, महोदय. 'पेटलं.'
तो हुकूम देत नाहीये. तो सांगतोय."
न्यायाधीशांनी चष्मा पुसला.
चार वर्षं.

बाई पायऱ्यांवर उभ्या राहिल्या, हातात गुंडाळलेला आलेख.
पुढल्या वसंतात खांबाखांबावर त्यांचा फोटो,
वाईट फोटो, पासपोर्टसाठी काढलेला.

विरोधी बाकावर शेवटून दुसरी खुर्ची.
सरकारी विधेयकं त्या आमच्या वह्यांसारखी तपासत, लाल पेनानं.
"'कारवाई करण्यात येईल.' कोण करील?
'जमाव पांगवण्यात आला.' कुणी पांगवला?
अध्यक्ष महाराज, या वाक्यातला कर्ता
कुठे लपवलाय, ते सभागृहाला कळावं."
तिसऱ्या मिनिटाला माईक बंद.
त्या बोलत राहायच्या. टीव्हीवर नुसते ओठ,
आणि मी घरी बसून ओठांवरून व्यंजनं ओळखायचो.
प वर पक्के मिटतात. क चं काही कळत नाही.

बाबाले गेली तेव्हा अंदाजपत्रकाचं अधिवेशन चालू होतं.
मी एकटाच गेलो.
तिच्या लेकानं विचारलं, "ती पेन्सिलवाली नाही आली?"
शब्दकोश 'न'पाशी अडलेला.
मला राग होता, अजून आहे थोडा :
इकडे एकेक तोंड कायमचं मिटत होतं
आणि बाई रुस्तावीच्या फाटकावर पत्रकं वाटत होत्या,
जिथे पाळी सुटलेले कामगार म्हणायचे,
"प्राध्यापक, जरा आमच्या भाषेत बोला."
त्या म्हणायच्या, "बोलते. आधी तुम्ही बोला."
आणि खरंच ऐकत बसायच्या, शेवटची बस चुकेपर्यंत.

दुसऱ्या निवडणुकीत बाई पडल्या.
दोनशे बारा मतांनी.
मोजणीच्या वेळी दिवे गेले होते, दोन पेट्यांचं सील तुटलं होतं,
कार्यकर्ते ओरडत होते, "पाडलं! पाडलं!"
पत्रकारानं माईक पुढे केला. हा चालू होता.
बाईंनी दोनच शब्दांचं उत्तर दिलं,
बाबालेच्या भाषेत.
पत्रकार गोंधळून हसला.

मी घरी येऊन ती बातमी पुन्हा लावली.
पडले, हे स्पष्ट आहे.
पण कुठला 'मी', ते कळत नाही.
नेमका तिथेच एका मार्श्रुत्काचा हॉर्न.
चाळीस वेळा ऐकलं.

शेवटी खोक्यातून ते जुनं कार्ड काढलं.
दोन्ही रूपं, बारीक अक्षरात, तारीख, गाव, वक्त्याचं वय.
मागच्या बाजूला पेन्सिलीनं यादी :
बॅटऱ्या. लसूण.
बाबालेसाठी चष्मा, नंबर विचारणे.
पहिल्या दोन्हींवर काट मारलेली.